हरित पक्ष अणुवीजेच्या बाजूने का गेला?

श्रोतेहो, नमस्कार. पर्यावरणवादी म्हटला की तो अणुवीजेच्या विरोधातच असणार, असे आपण धरूनच चालतो. फिनलंडच्या हरित पक्षाची गोष्ट निराळी आहे. पक्ष लहान; 2023 च्या निवडणुकीत 200 पैकी 13 जागा. नव्या अणुभट्ट्यांना मंजुरी मिळाली म्हणून याच पक्षाने 2002 मध्ये आणि पुन्हा 2014 मध्ये सरकारमधून अंग काढून घेतले होते. मे 2022 मध्ये योएन्सूच्या अधिवेशनात मात्र त्याने अणुऊर्जेला शाश्वत ऊर्जा म्हटले, चालू भट्ट्यांची मुदत वाढवायला आणि लहान भट्ट्यांचे परवाने सोपे करायला पाठिंबा दिला.

हे रातोरात घडले नाही. पक्षातला विज्ञान-तंत्रज्ञान गट वर्षानुवर्षे आकडे मांडत होता. त्यातला एक मुद्दा उष्णतेचा. हेलसिंकीत घरे गरम ठेवायला शहरभर नळांतून गरम पाणी फिरते आणि ते तापवायला बरीच वर्षे कोळसा जळत होता. कोळशाऐवजी लाकूड जाळावे, तर ताण जंगलावर. लहान अणुभट्टीतून थेट उष्णता घ्यायचा विचार इथून पुढे आला.

विरोधकांचा सर्वांत भक्कम प्रश्न असतो कचऱ्याचा, आणि फिनलंडमध्ये त्याला दाखवता येईल असे उत्तर आहे. 1994 च्या कायद्याने आपला अणुकचरा देशातच पुरणे बंधनकारक झाले. खर्चासाठी वीज कंपन्यांना सरकारी निधीत पैसे भरावे लागतात, म्हणजे तो आजच्या वीजदरातूनच वसूल होतो. जागा ठरवताना गावाला नकाराधिकार होता. एउरायोकीच्या पालिकेने जानेवारी 2000 मध्ये 20 विरुद्ध 7 मतांनी होकार दिला. तिथल्या ओंकालो या भुयाराचे खोदकाम 2004 मध्ये सुरू झाले.

जमिनीखाली सुमारे 430 मीटरवर, पावणेदोन अब्ज वर्षांहून जुन्या खडकात हे भुयार आहे. वापरलेले इंधन आधी काही दशके पाण्याच्या टाकीत थंड होते. मग ते बिडाच्या गाभ्यात ठेवून बाहेरून 5 सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या डब्यात बंद करतात. जुन्या भट्ट्यांच्या इंधनकांड्यांची 12 जुडगी एका डब्यात मावतात, नव्या मोठ्या भट्टीची फक्त 4. भुयाराच्या तळाला सुमारे 8 मीटर खोल उभा खड्डा पाडायचा, त्यात डबा उतरवायचा आणि भोवती बेंटोनाइट माती भरायची. पाणी लागले की ही माती फुगते आणि फटी बुजवते. धोकेही ठाऊक आहेत: भूजलातले सल्फाइड तांबे खाऊ शकते, आणि पुढच्या हिमयुगानंतर वितळलेले, क्षार नसलेले पाणी आत शिरले तर माती वाहून जाऊ शकते. म्हणून एकाच भिंतीवर भिस्त न ठेवता बीड, तांबे, माती आणि खडक अशी चार कवचे केली आहेत.

खरी ठेच लागली ती बांधकामात. ओंकालोजवळच्या ओल्किलुओतो अणुकेंद्राची तिसरी भट्टी 1,600 मेगावॅटची. काम 2005 मध्ये सुरू झाले, वीज 2009 मध्ये मिळायची होती. नियमित उत्पादन एप्रिल 2023 मध्ये सुरू झाले. आराखडा पूर्ण होण्याआधीच काम काढले, पायाच्या काँक्रीटमध्ये पाणी जास्त झाले, नियंत्रण यंत्रणेची मान्यता रखडली, आणि अगदी शेवटी, 2022 मध्ये, पाणी पुरवणाऱ्या चारही पंपांच्या पंख्यांना तडे सापडले. अणुवीजेचा पुरस्कार करणाऱ्याने हे लपवून चालणार नाही.

आपल्याला हे ऐकणे भाग आहे, कारण रत्नागिरीतल्या जैतापूरला याच जातीच्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत, एकूण सुमारे 10,000 मेगावॅटच्या. भारत वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करतो, म्हणजे त्यातले पुन्हा कामी येणारे इंधन वेगळे काढतो, आणि उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत गोठवतो. तारापूरला हे काम होते. पण ती काच कायमची ठेवायला ओंकालोसारखे खोल भुयार आपल्याकडे अजून नाही. त्याची जागा, त्यासाठीचा निधी आणि तिथल्या गावाचा नकाराधिकार, हे तिन्ही भट्टीच्या पहिल्या काँक्रीटआधी कायद्यात यायला हवेत, असे आमचे ठाम मत आहे.