स्टीव्ह क्रोन यांच्या पेशी

नमस्कार श्रोतेहो. शेजारी बसून, एका ताटात जेवून एचआयव्ही होत नाही, हे आता पोराटोरांनाही ठाऊक आहे. आज बघू, तो पेशीत शिरतो कसा.

आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींच्या अंगावर सीडी-४ नावाचं प्रथिन असतं. बाकीच्या संरक्षक पेशींना कामाला लावतात त्या याच. आणि विषाणू नेमका यांनाच धरतो, तेही त्या सीडी-४लाच पकडून. एवढं १९८४ सालीच कळलं होतं. मग कुणीतरी माणसाचं सीडी-४ उंदराच्या पेशींवर बसवून पाहिलं. विषाणू चिकटला, पण आत काही जाईना! म्हणजे सीडी-४ हे नुसतं बाहेरचं सेफ्टी डोअर. आत आणखी एक दार आहे. ते कुठलं, हे १९९६पर्यंत कळत नव्हतं.

ते कळलं त्यात स्टीव्ह क्रोन यांचा वाटा मोठा. न्यूयॉर्कचे चित्रकार. आतड्याचा ‘क्रोन्स’ आजार ऐकला असेल, त्या डॉक्टर क्रोन यांचे हे नातू, म्हणजे भावाच्या घरातले. (आजाराला डॉक्टरांचं नाव देणं मला कधी पटलं नाही बघा. पोट दुखायचं पेशंटचं, नाव व्हायचं डॉक्टरांचं! असो.) स्टीव्ह यांचे जोडीदार जेरी ग्रीन १९८२च्या मार्चमध्ये गेले. तेव्हा एचआयव्हीमुळे होणाऱ्या या आजाराला ‘एड्स’ हे नावही मिळालं नव्हतं. मग मित्र जाऊ लागले. एक गेला, दुसरा गेला, स्टीव्ह एकेकाला पोचवून येत राहिले. स्वतः मात्र ठणठणीत. जेरींबरोबर राहिलेला माणूस, विषाणूला संधी का कमी मिळाली असेल? तरी तपासणी निगेटिव्हच.

दुसरा असता तर ‘वाचलो बुवा’ म्हणून गप्प बसला असता. हे गृहस्थ उलट डॉक्टरांच्या मागे लागले: माझ्यात काय वेगळं आहे ते शोधा. शेवटी एरन डायमंड एड्स संशोधन केंद्रातल्या बिल पॅक्सटन यांची गाठ पडली. पॅक्सटन यांनी त्यांचं रक्त घेतलं, सीडी-४ पेशी वेगळ्या काढल्या, त्यांच्यावर विषाणू सोडला. काही नाही. मात्रा वाढवली. काही नाही. आणखी वाढवली, इतकी की एवढा विषाणू शरीरात कधी एका वेळी जातही नसेल. पेशी आपल्या जशाच्या तशा!

१९९६ साली उलगडा झाला. आतलं दार म्हणजे सीसीआर-५ नावाचं दुसरं प्रथिन. स्टीव्ह यांना आई आणि वडील दोघांकडूनही त्याचं जनुक तुटकं मिळालं होतं. जनुकाच्या लिखाणातली बत्तीस अक्षरं गायब. त्यामुळे पेशीवर ते प्रथिन उगवलंच नाही. पुन्हा सांगते: सीडी-४ होतं, सीसीआर-५ नव्हतं. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात जेमतेम एकाला असं दुहेरी कवच मिळतं. आपल्याकडे जवळपास नाहीच, तेव्हा उगाच भरवशावर राहू नका. शिवाय या विषाणूचे काही प्रकार सीसीआर-५ सोडून दुसऱ्याच प्रथिनावरून आत जातात.

२०१३ साली स्टीव्ह गेले. त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. एवढे मित्र गेल्यावर मागे उरणं सोपं नसतं हो.

वेळ संपत आली, पुढचं भरभर सांगते. आधी सीडी-४, मग सीसीआर-५. दोन्ही पकडली की विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं, आतला आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर, पेशीत उतरतो, त्याचा डीएनए बनतो आणि तो आपल्या डीएनएत जाऊन बसतो. एकदा बसला की तिथून निघत नाही, म्हणून गोळी रोजची आणि जन्मभराची. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, फुकट मिळणाऱ्या टीएलडी गोळीत तीन औषधं असतात. दोन औषधं आरएनएचा डीएनए होऊ देत नाहीत, तिसरं तो आपल्या डीएनएत जोडू देत नाही. बरं वाटतंय म्हणून गोळी मध्येच सोडली, की आत बसलेला विषाणू पुन्हा वाढायला लागतो. नमस्कार.