लॅपलँडला गाडीने, हिवाळ्यात आणि बेतात

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तर फिनलंडमध्ये, म्हणजे लॅपलँडमध्ये, भर हिवाळ्यात मुलाबाळांना घेऊन गाडीने जायचं आणि खर्च हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा आजचा विषय. ही सहल महाग पडते ती चुकीच्या तारखांमुळे आणि दर दिवसाला विकत घेतलेल्या कार्यक्रमांमुळे. दोन्ही टाळता येतं. टायर, इंधन आणि मुलांचे कपडे यांत मात्र हात आखडता घेतला, तर वाचवलेले पैसे एका टो-ट्रकच्या बिलात जातात.

आधी तारखा. नाताळात लॅपलँडमधले दर सगळ्यात चढे असतात, आणि उजेड सगळ्यात कमी. अगदी उत्तरेच्या उत्स्योकीत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दक्षिणेकडे, ध्रुववृत्तावरच्या रोव्हानिएमीत, डिसेंबरअखेर जेमतेम दोन-अडीच तासांचा दिवस असतो. फिनलंडच्या शाळांना वर्षाच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या आठवड्यात आळीपाळीने हिवाळी सुट्टी असते, म्हणजे साधारण फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चची सुरुवात. त्या दिवसांत लाकडी केबिन मिळणं कठीण, आणि मिळाली तर महाग. 6 जानेवारीच्या सणानंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दर उतरतात, पण थंडी सर्वांत कडक तेव्हाच. लहान मुलं बरोबर असतील तर मार्चचा दुसरा पंधरवडा निवडावा, फक्त ईस्टर त्यात येत नाही एवढं पाहून. दिवस बारा तासांचा होतो, बर्फ गुडघाभर असतो, आणि मुलं बाहेर तासभर खेळू शकतात.

आता अंतर. हेलसिंकीपासून रोव्हानिएमी सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास. ई-75 या एकाच रस्त्याने पहिल्या दिवशी युव्हॅस्कूला, सुमारे 270 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी औलू, 340. तिसऱ्या दिवशी रोव्हानिएमी, 220. नकाशावर हे सोपं दिसतं. पण हिवाळ्यात फिनलंड मुख्य रस्त्यांवरची वेगमर्यादा खाली आणतं. बऱ्याच दुपदरी रस्त्यांवर ती 80 असते, आणि थांबे धरून सरासरी साठ-पासष्टच पडते. मुलांना दीड-दोन तासांनी पाय मोकळे करायला लागतातच. म्हणून दिवसाला तीनशेचं गणित ठेवावं आणि मुक्कामी उजेडात पोचावं.

दुसरा मार्ग म्हणजे गाडी चढवून नेणारी रात्रीची रेल्वे. हेलसिंकीतल्या पासिला स्थानकात गाडी डब्यावर चढते, कुटुंब शयनकक्षात झोपतं आणि सकाळी रोव्हानिएमीला उतरतं. तिकीट लवकर काढलं तर दोन मुक्काम आणि टाकीभर-दीड टाकी इंधन यांच्याशी त्याची तुलना करून बघावी. चौघांना ते पुष्कळदा स्वस्त पडतं. टपावर सामानाचा पेटारा असेल तर गाडीची उंची आधी मोजावी, कारण डब्यांना उंचीची मर्यादा असते.

गाडीचं बघू. फिनलंडमध्ये 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात रस्त्याची स्थिती तशी असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि नक्षीची खोली किमान 3 मिलिमीटर लागते. ही कायद्याची किमान मर्यादा. पाचच्या खाली गेलेला टायर घेऊन लॅपलँडला जाऊ नये. रबरात धातूचे बारीक खिळे बसवलेला टायर घ्यावा की बिनखिळ्यांचा? घट्ट दाबलेल्या बर्फावर चांगल्या रबराचा बिनखिळ्यांचा टायर चालतो. ओल्या, काचेसारख्या बर्फावर खिळेच कामाला येतात. आणि गंमत अशी की सर्वांत घसरडा रस्ता कडाक्याच्या थंडीत नसतो. उणे 25 अंशांत बर्फ खरखरीत असतो. शून्याच्या आसपास त्यावर पाण्याचा पातळ थर येतो आणि तोच घात करतो. हवा एकदम उबदार झाली की खुश न होता वेग कमी करावा.

ब्रेकचं गणित एकदा मनात घोळवून ठेवावं. ताशी 80 च्या वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून गाडी साधारण 36 मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तेच अंतर 80 मीटरच्या पुढे जातं, आणि ओल्या बर्फावर अडीचशेच्या घरात. रेनडिअर पन्नास मीटरवर दिसतात.

रेनडिअर एकटा क्वचितच येतो. एक रस्ता ओलांडून गेला की मागे आणखी असतात असंच धरावं. हॉर्नला ते फारसे जुमानत नाहीत. थांबून वाट पाहणं हाच उपाय. धडक झाली तर जनावर पळून गेलं तरी 112 वर कळवायचंच, कारण प्रत्येक रेनडिअरला मालक असतो.

समोरून ट्रक आला की मागे भुकटीसारख्या बर्फाचा ढग उठतो आणि काही सेकंद काहीच दिसत नाही. ट्रक येताना दिसला की आधीच वेग कमी करावा आणि कडेच्या खुणेच्या काठ्यांकडे नजर ठेवावी. ढगात शिरल्यावर ब्रेक मारू नये. मागच्यालाही तुम्ही दिसत नसता. यात एक चूक जवळजवळ सगळेच करतात. आजच्या गाड्यांचे दिवे आपोआप लागतात, पण दिवसाउजेडी बऱ्याच गाड्यांत फक्त पुढचे लागतात, मागचे नाहीत. म्हणून बटण हाताने फिरवून पूर्ण दिवे लावावेत, आणि प्रत्येक थांब्यावर मागच्या दिव्यांवरचा बर्फ हाताने पुसावा. एलईडी दिवा तापत नाही, त्यामुळे त्याच्यावरचा थर वितळत नाही.

टायरमधली हवा थंडीत कमी होते. 20 अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये भरलेला टायर उणे 20 ला साधारण 0.4 बार खाली येतो. म्हणून हवा थंड टायरवर, बाहेर तपासावी. काच धुण्याचं पाणी किमान उणे 25 पर्यंत न गोठणारं घ्यावं, आणि जुनं सौम्य पाणी फवारून आधी संपवावं, नाहीतर नळीत मिसळून तेच गोठतं. खारट, चिखली रस्त्यावर दिवसाला लिटर-दोन लिटर सहज उडतं. पाच लिटरचा कॅन डिकीत राहू द्या.

डिझेलची गाडी मध्य युरोपातून आणत असाल तर टाकीतलं सौम्य हवामानाचं डिझेल उत्तरेत शिरण्यापूर्वी संपवा. त्यातलं मेण कडाक्यात घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं, आणि गाडी पहाटे सुरू होऊन दोन किलोमीटरवर बंद पडते. फिनलंडच्या पंपांवर हिवाळी डिझेल मिळतं. टाकी अर्धी झाली की भरायची. उत्तरेत पंप दूर दूर आणि बरेचसे बिनमाणसांचे असतात. तिथे पिन चालणारं कार्ड लागतं, आणि यंत्र भरलेल्या रकमेपेक्षा मोठी रक्कम तात्पुरती अडकवून ठेवतं. खात्यात तेवढी शिल्लक असावी.

आता तिथल्या लोकांची खास सवय. फिनलंडमध्ये घराबाहेर, केबिनबाहेर, हॉटेलच्या वाहनतळावर छोटे खांब दिसतात, त्यांवर झाकणाचा डबा. त्यात विजेचं सॉकेट असतं आणि आत वेळ लावायची चकती. इंजिनला बसवलेला हीटर केबलने इथे जोडायचा. रात्रभर चालू ठेवायची गरज नाही, ती नुसती वीज वाया. उणे 5 ते 10 ला निघण्याआधी तासभर, उणे 10 ते 20 ला दोन तास, त्याखाली तीन तास पुरे होतात. थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि इंजिन ऑइल दाट होतं; गरम इंजिन हे दोन्ही ओझं हलकं करतं, शिवाय काच लवकर मोकळी होते. केबल आधी गाडीला आणि मग खांबाला जोडायची, काढताना उलट. गाडीकडचं टोक मोकळं लोंबत ठेवणं तिथे नियमाविरुद्ध आहे, कारण त्यात 230 व्होल्ट असतात आणि आसपास मुलं खेळत असतात. भाड्याची गाडी घेतलीत तर वाहनतळातून बाहेर पडण्याआधी डिकी उघडून ही केबल, बर्फ झाडायचा ब्रश आणि खरवडणी आहे का ते पाहा. केबलचा विसर हमखास पडतो. सीमा ओलांडून नॉर्वेत जायचं असेल तर करारात तशी परवानगी आहे का, तेही तिथेच विचारा.

रात्री उभी करताना हँडब्रेक ओढू नये. ओली तार किंवा ब्रेकचे पॅड गोठतात आणि चाक फिरत नाही. गिअरमध्ये किंवा पी वर ठेवावी. आणि गाडी लावल्यावर अर्धा मिनिट सगळी दारं उघडून आतली ओलसर उबदार हवा बाहेर जाऊ द्यावी. नाहीतर सकाळी काच आतून गोठलेली असते आणि ती खरवडता खरवडता तास जातो. त्याच कारणाने गाडीत शिरताना बूट एकमेकांवर आपटून बर्फ बाहेरच पाडायचा, आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद ठेवायचं.

मुलांचे कपडे. इथे सर्वांत धोकादायक चूक गाडीतच होते: फुगीर जॅकेट घातलेल्या मुलाला तसंच बालआसनात पट्ट्याने बांधतात. पट्टा घट्ट दिसतो, पण धडकेत जॅकेटमधली हवा दाबली जाते आणि तो काही बोटं सैल पडतो. मूल त्यातून निसटू शकतं. घरीच करून बघा: जॅकेटसह पट्टा आवळा, मग पट्टा तसाच ठेवून मुलाला बाहेर काढा, जॅकेट उतरवा, पुन्हा बसवा. सुटलेली जागा डोळ्यांना दिसेल. गाडीत लोकरीचा पातळ थर आणि स्वेटर, पट्टा त्यावर, आणि पांघरूण पट्ट्याच्या वरून. जॅकेट मांडीवर.

बाहेर अंगाला लागून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, सुती नको. घाम धरून तो गार पडतो. त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारा कपडा. पाय गार पडतात म्हणून दोन-दोन मोजे कोंबले की रक्त अडतं आणि ते जास्तच गार पडतात. बूट एक माप मोठे आणि आत एक जाड लोकरी मोजा. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा अंगठा वेगळा असलेले मोजे उबदार. गालांवर, नाकावर पांढरा डाग दिसला की लगेच आत न्यायचं. चोळायचं नाही, कोमट हात नुसता टेकवायचा. अंधारात चालताना अंगावर परावर्तक लावणं फिनलंडमध्ये कायद्यातच आहे. ते स्वस्त असतात, प्रत्येक जॅकेटला दोन बांधावेत.

राहायला केबिन किंवा कॅम्पिंगची छोटी झोपडी घ्यावी, स्वयंपाकघरासह. चादरी आणि शेवटची साफसफाई यांचे पैसे पुष्कळदा वेगळे असतात. चादरी बरोबर असतील आणि झाडलोट आपण केली तर ते वाचतात. सामान मोठ्या गावातच भरायचं. बाहेर जेवायचं तर कामाच्या दिवशी अकरा ते दोनच्या दरम्यान, तिथलं ‘लौनास’ हे दुपारचं ठरलेलं जेवण. सॅलड, ब्रेड, कॉफी बहुतेकदा त्यातच येतं आणि मुलांना दर कमी असतो. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयं विनामूल्य, उबदार, आणि त्यांत मुलांचा कोपरा असतो. वादळात अडकलेला दिवस तिथे छान जातो. जंगलातल्या सरकारी निवाऱ्यांत, ज्यांना ‘लावू’ म्हणतात, पुष्कळ ठिकाणी शेकोटीची जागा आणि लाकडं ठेवलेली असतात. बर्फावरून घसरायची प्लास्टिकची पाटी विकत घ्या, आणि मुलं दोन दिवस दुसरं काही मागणार नाहीत.

रोव्हानिएमीच्या सांताच्या गावात शिरायला तिकीट नाही, ध्रुववृत्ताची रेषाही तिथेच. आणखी उत्तरेला, इनारी गावातलं सिइदा हे सामी लोकांचं, म्हणजे लॅपलँडच्या मूळ रहिवाशांचं, संग्रहालय मात्र तिकीट काढून, अर्धा दिवस देऊन पाहण्यासारखं.

ध्रुवीय प्रकाश, म्हणजे रात्री आकाशात दिसणारे रंगीत झोत, पाहण्यासाठी महागड्या सहली विकल्या जातात. खरं तर निरभ्र आकाश आणि अंधार एवढंच लागतं, आणि केबिनच्या अंगणात दोन्ही असतं. विजेचे दिवे बंद करून उत्तरेकडे तोंड करून दहा मिनिटं डोळे सरावू द्यावेत. रस्त्याने जाताना आकाश पेटलं तरी रस्त्यात थांबू नये. अंधारात उभी गाडी मागच्याला दिसत नाही. पुढचा थांबा येईपर्यंत धीर धरावा.

उत्तर टोकालाच जायचं असेल, म्हणजे नॉर्वेच्या नॉर्डकॅपला, तर ई-69 चा स्कार्सवॉग फाट्यापासूनचा शेवटचा 13 किलोमीटरचा भाग हिवाळ्यात फक्त ठरलेल्या वेळी, बर्फ सारणाऱ्या गाडीमागे रांगेने पार करता येतो. वादळ असेल तर रांगही निघत नाही. त्यासाठी एक दिवस हातचा राखावा. नॉर्वेत जिन्नस महाग, म्हणून फिनलंडमध्येच भरून घ्यावेत, पण बटाटे नेता येत नाहीत. रस्त्यांची माहिती नॉर्वेत 175 क्रमांकावर मिळते. आणि घड्याळ एक तास मागे करायला विसरू नका, नाहीतर रांगेच्या जागी तासभर आधीच पोचाल.

डिकीत फावडं, टो करायची दोरी, जंपर केबल, डोक्याला लावायचा दिवा, परावर्तक जॅकेट, त्रिकोण, पांघरुणं आणि खाऊ. बर्फात रुतून थांबावं लागलं आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ फावड्याने काढा. ती बुजली की धूर आत शिरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा उतरून बघा. वाऱ्याने उडणारा बर्फ नळी परत झाकतो.