सिलाओचं मतदान: कारखाना आला, मग पगार का नाही वाढला?

स्क्रीनवर जो कारखाना दिसतोय तो मेक्सिकोतल्या सिलाओचा, जनरल मोटर्सचा. इथे मोठे पिकअप ट्रक बनतात आणि बॉर्डर ओलांडून अमेरिकेत विकायला जातात. एप्रिल २०२१ मध्ये इथल्या हजारो कामगारांना मतदानाला बोलावलं, प्रश्न एकच होता, युनियनने कंपनीबरोबर केलेला पगाराचा करार तुम्हाला मान्य आहे का? ते मतदान मध्येच थांबवावं लागलं, कारण मेक्सिकोच्या कामगार खात्याला आढळलं की युनियनच घेत असलेल्या या मतदानात काही मतपत्रिका चक्क नष्ट केल्या गेल्यात.

युनियनच्या मतदानात कामगारांचीच मतं नष्ट होतात, हे ऐकायला विचित्र वाटतं ना? पण मेक्सिकोत हे अनेक वर्षं असंच चाललेलं होतं आणि त्याचा थेट संबंध पगाराशी आहे.

१९६५ पासून सांगतो. मेक्सिकोने बॉर्डरलगत माकिलादोरा नावाची योजना सुरू केली, म्हणजे सुटे भाग बाहेरून ड्युटी न भरता आणायचे, इथे जोडायचे आणि माल परत पाठवायचा. तिह्वाना, सिऊदाद ह्वारेझ, माटामोरोस ही शहरं यावरच वाढली. मग १ जानेवारी १९९४ ला नाफ्टा हा व्यापार करार लागू झाला, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको, तिघांमधली ड्युटी टप्प्याटप्प्याने काढायची असं ठरलं, आणि तेव्हा सगळीकडे सांगितलं जात होतं की कारखाने आले की मागणी वाढेल, मागणी वाढली की पगार आपोआप वर चढतील.

कारखाने आले, हे खरंय. गाड्या, वायरिंग, टीव्ही, मेडिकलची उपकरणं, सगळं बनायला लागलं. पगार मात्र अमेरिकेच्या पगाराच्या जवळपासही पोचले नाहीत. एक कारण शेतीतलं आहे, अमेरिकेतला सबसिडीवाला स्वस्त मका आत आल्यावर छोट्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं आणि ती माणसं काम शोधत शहरांकडे आणि बॉर्डरकडे निघाली. कामाला माणसं भरपूर मिळत असतील तर मालक पगार कशाला वाढवेल?

दुसरं कारण सरकारचं, आणि माझ्या मते हेच मोठं आहे. महागाई आटोक्यात ठेवायची म्हणून मेक्सिकोच्या सरकारांनी ऐंशीच्या दशकापासून किमान वेतन मुद्दाम खाली दाबून ठेवलं, भाव वाढत गेले आणि किमान वेतनातून बाजारात जे विकत घेता यायचं ते आटत गेलं. हा बाजाराचा नियम नव्हता, हा निर्णय होता, आणि दरवर्षी नव्याने घेतला जात होता.

आणि तिसरं म्हणजे त्या युनियन. तिथे त्यांच्या करारांना संरक्षण करार म्हणतात, पण संरक्षण कामगाराचं नाही, कंपनीचं. बरेचदा कारखान्यात पहिला कामगार भरती व्हायच्या आधीच कंपनी एखाद्या युनियनला हाताशी धरून करार सही करून टाकायची, कामगाराला तो करार बघायलाही मिळायचा नाही, कित्येकांना तर आपण युनियनमध्ये आहोत हेच माहीत नसायचं.

याची झळ बॉर्डरच्या पलीकडेही लागली. अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये कामगार युनियन करायला लागले की मालक सांगायचे, जास्त ताणलंत तर प्लांट मेक्सिकोला नेऊ. एका बाजूचा कमी पगार असा दुसऱ्या बाजूच्या कामगाराला घाबरवायला वापरला गेला.

बदल सुरू झाला २०१९ मध्ये. जानेवारीत किमान वेतन दिवसाला ८८.३६ पेसोवरून (पेसो म्हणजे मेक्सिकोचं चलन) १०२.६८ वर गेलं आणि अमेरिकेच्या बॉर्डरलगतच्या पट्ट्यात ते एका झटक्यात दुप्पट, १७६.७२ पेसो. मग माटामोरोसमध्ये काय झालं बघा, तिथल्या बऱ्याच करारांमध्ये जुनं कलम होतं की किमान वेतन वाढलं की पगार आणि बोनसही त्या प्रमाणात वाढणार. कंपन्या ते मानायला तयार नव्हत्या, तर डझनावारी कारखान्यांतले हजारो कामगार स्वतःच्याच युनियनच्या नेत्यांवर दबाव आणून संपावर गेले, मागणी होती २० टक्के वाढ आणि ३२ हजार पेसो बोनस, आणि बहुतेक ठिकाणी ती मिळाली!

त्याच वर्षी मे महिन्यात नवा कामगार कायदा आला, प्रत्येक जुना करार कामगारांसमोर गुप्त मतदानाला ठेवायचा, ते नाही म्हणाले की करार रद्द. १ जुलै २०२० ला नाफ्टाच्या जागी नवा व्यापार करार आला आणि त्यात एक नवी तरतूद होती, एखाद्या कारखान्यात युनियनचा हक्क डावलला गेला तर त्या एका कारखान्याविरुद्ध तक्रार करता येते आणि त्याच्या मालावर ड्युटीची सवलत थांबू शकते. सिलाओची केस अमेरिकेने मे २०२१ मध्ये याच तरतुदीखाली उचलली.

ऑगस्टमध्ये फेरमतदान झालं, यावेळी बाहेरचे निरीक्षक हजर होते. ३,२१४ कामगारांनी करार नाकारला, २,६२३ जणांनी मान्य केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सिंतिया नावाची नवी स्वतंत्र युनियन दणदणीत मतांनी निवडून आली आणि मे महिन्यात पगारात ८.५ टक्के वाढीचा करार झाला.

किमान वेतन वाढतच राहिलं, २०२५ मध्ये ते २७८.८० पेसो होतं, बॉर्डरवर ४१९.८८. एवढी वाढ केली तर नोकऱ्या जातील, महागाई भडकेल अशी भीती घातली जात होती, पण बेकारीची लाट काही आली नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१८ ते २०२४ मध्ये १ कोटी ३० लाखांहून जास्त लोक गरिबीतून बाहेर आले आणि त्यात मोठा वाटा मजुरीतून आलेल्या उत्पन्नाचा आहे.

तरी सगळं छान झालं असं म्हणता येणार नाही. मेक्सिकोतले निम्म्याहून जास्त कामगार आजही कुठल्याच नोंदीत नाहीत, ना करार, ना विमा, त्यांच्यापर्यंत युनियनचं मतदान पोचतच नाही. आणि ती तक्रारीची तरतूद एकतर्फी आहे, मेक्सिकोतल्या कारखान्याविरुद्ध ती सहज वापरता येते, अमेरिकेतल्या कारखान्याविरुद्ध जवळजवळ नाहीच. हे मला पटत नाही, हक्क दोन्हीकडच्या कामगाराला सारखेच पाहिजेत.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयात गाड्यांवर २५ टक्के टॅरिफ लावलं, तेव्हापासून सगळी चर्चा कुठला प्लांट कुठे हलणार याचीच. आणि व्यापार करारातच लिहिलंय की सहा वर्षांनी, म्हणजे जुलै २०२६ मध्ये, तिन्ही देशांनी त्याचा एकत्र रिव्ह्यू करायचा. गाडीचे किती टक्के भाग कुठे बनले याचा हिशोब मांडायला तिथे कंपन्या पूर्ण तयारीनिशी येतील. सिलाओसारख्या कारखान्यांतल्या कामगारांनी बघायचं ते हे की तक्रारीचं ते कलम करारात राहतं का, आणि राहिलं तर कुणाकुणाला लागू होतं.