पावसाळ्यात तलाव उपसू नका

[दृश्य : जुहूतल्या एका बंगल्याचं आवार. निळ्या फरशीच्या तलावावर पावसाची सर.]

सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस. महिना जानेवारी, साल १९६२. पाणी गोठायला शून्य अंश लागतो, तेव्हा मुंबईत घरच्या स्विमिंग पूलला थंडीचं भय नाही. तरी पंपाच्या खोक्यातून जे माहितीपुस्तक निघतं, त्यात बऱ्याचदा हिवाळ्यावर एक अख्खं प्रकरण असतं. आपल्याकडे ते कोण वाचणार! पण थंड देशांतली एक खबरदारी आपल्या पावसाळ्यालाही लागू पडते, म्हणून आधी तिकडे काय करतात ते पाहू.

[दृश्य : बर्फाने झाकलेलं अंगण. मधोमध ताणून बसवलेलं आच्छादन.]

टोरांटो, शिकागोसारख्या शहरांत शरद ऋतूतच तलाव बंद करायला घेतात. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. उघड्या तलावात बर्फाला वर सरकायला जागा मिळते, पाइपात मिळत नाही. त्यामुळे खरी काळजी पाइपांची. कॉम्प्रेसर लावून लाइनमधलं पाणी हवेने बाहेर फुंकतात. भिंतीतल्या तोंडांतून नुसते बुडबुडे यायला लागले, की हवा चालू असतानाच तिथे रबरी बूच पिळून बसवतात. पंप, फिल्टर, हीटर यांच्या बुडाशी छोटी बुचं असतात. तीही काढून ठेवायची. पंपात थोडंसं पाणी राहिलं तरी त्याचं आवरण तडकू शकतं. जिथे खात्री नसते तिथे पाणी गोठू न देणारा द्रव ओततात, तोही प्रॉपिलीन ग्लायकॉलचा. गाडीच्या कूलंटमध्ये सहसा असतं ते इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, त्याला इथे थारा नाही.

इतकी सगळी यंत्रं कोरडी करणारी ही माणसं तलाव मात्र भरलेला ठेवतात. फार तर पाणी थोडं खाली उतरवतात, तेवढंच.

याचं कारण तलावाबाहेरच्या मातीत आहे. तिच्यातही पाणी असतं. भरल्या बादलीत रिकामं पातेलं दाबून धरलं की ते हाताला वर रेटतं, तसंच इथे होतं. जमिनीतलं पाणी तलावाच्या बुडापेक्षा एक मीटर वर चढलं, तर तळाच्या दर चौरस मीटरवर खालून एक टनाचा रेटा येतो. ८ बाय ४ मीटरचा तलाव धरा. ३२ टन झाले. आत पाणी असेल तर त्याचं वजन हा रेटा परतवतं. उपसून टाकलं तर सगळं काँक्रीटवर येतं. तळ फुगतो, फरशा सुटतात, भिंतींना तडे जातात, जमिनीतल्या पाइपांचे सांधे निखळतात. फायबरचा तलाव तर अख्खाच्या अख्खा वर येऊ शकतो.

[दृश्य : वर्सोव्याचा किनारा. भरतीची वेळ.]

आता मुंबईचा जुलै. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पण तो दिवस बाजूला ठेवा. एरवीच्या पावसाळ्यातही जुहू, वर्सोवा, मढच्या रेताड जमिनीत थोडं खणलं की पाणी लागतं. आणि नेमकं जूनमध्ये घरात कुणीतरी म्हणतं, ‘पावसात कोण पोहतंय? उपसून टाका, घासून घेऊ, फरशीचं कामही उरकेल.’ साचलेल्या पाण्यात डास झाले म्हणून महापालिकेची नोटीस येईल, ही धास्ती असतेच. पण मुंबईत उपसलेला तलाव कोरडा राहतो कुठे? पहिल्या सरीतच खोल बाजूला वीतभर पाणी साचतं. त्यात ना क्लोरीन, ना हालचाल. डेंग्यूच्या डासाला आणखी काय हवं!

[दृश्य : तळाची जाळी उघडलेली. कॅमेरा जवळ.]

तळाच्या जाळीखाली मुठीएवढा एक व्हॉल्व्ह असतो. म्हणजे असायला हवा. त्याला हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. आत स्प्रिंगने दाबून धरलेली चकती असते. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की ती उचलली जाते आणि जमिनीतलं पाणी तलावात शिरतं. तलाव गढूळ होतो, पण वाचतो. आता या चकतीखाली वाळूचा एक खडा अडकला, की ती नीट बसत नाही. तलावाचं पाणी झिरपायला लागतं. मग कुणी हुशार माणूस त्यावर सिमेंट थापतो आणि गळती थांबते. मालक खूश. पुढच्या पावसाळ्यात तोच तलाव उपसला, तर खालच्या पाण्याला वाटच उरलेली नसते.

टॉवरच्या पोडियमवरच्या तलावाला ही भीती नाही, त्याच्याखाली माती नसून पार्किंग असतं. तिथे रडगाणं वॉटरप्रूफिंगचं. स्लॅबमधून चुना घेऊन झिरपणारं पाणी खालच्या गाड्यांवर पांढरे डाग पाडतं आणि त्यावर सोसायटीची आख्खी वार्षिक सभा निघते.

तलाव भरलेला ठेवला म्हणजे वाऱ्यावर सोडला असं नव्हे. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, सामू (pH) साधारण ५.६. त्यात क्षारही नावालाच. ते क्लोरीन पातळ करतं आणि फरशीच्या सांध्यांतला चुना हळूहळू खातं. मोठ्या सरीनंतर सामू ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएममध्ये (दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग) आहे ना, तेवढं तपासायचं. पंप रोज चालवायचा. कुणी पोहत नाही म्हणून बिल वाचवायला तो बंद ठेवला, की पाणी हिरवं झालंच म्हणून समजा. बागेतलं मातकट पाणी आत येणार नाही इतका उतार काठाला हवा.

[दृश्य : मे महिन्यातलं ऊन. आवारातली विहीर, पाणी खोल गेलेलं.]

फरशी बदलायचीच असेल तर एप्रिल-मे बरा. आवारात विहीर असेल तर आधी तिच्यातलं पाणी किती खोल आहे ते मोजावं, नसेल तर तलावाशेजारी खड्डा घेऊन पाहावं. पाणी तळाच्या बरंच खाली असेल तरच पुढची बोलणी. कंत्राटदाराला विचारा, रिलीफ व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो शेवटचा उघडून कधी पाहिला? ‘बघायला लागेल’ असं उत्तर आलं, तर आधी त्याला ते बघू द्या. उपशाचा पंप तोवर टेम्पोतच राहू दे.