पवईच्या काठावर पाहुणे उतरलेत, चला!

नमस्कार मंडळी! मुंबईत स्थलांतरित पक्षी म्हटलं की फ्लेमिंगोच डोळ्यांपुढे येतात. मग डिसेंबरपर्यंत दुर्बीण कपाटात. अहो, पाहुण्यांची पहिली खेप भर पावसात, ऑगस्टमध्येच उतरू लागते! आणि त्यासाठी पवई तलाव पुरे. शेजारच्या विहार तलावाला परवानगीची भानगड. पवईचा काठ सगळ्यांना मोकळा.

हा तलाव १८९१ सालचा, बांध घालून केलेला. पावसात काठोकाठ भरतो. त्यामुळे सप्टेंबरात काठचा चिखल पाण्याखाली, आणि चिखलात चोच खुपसणाऱ्यांना उभं राहायलाच जागा नाही. म्हणून मधल्या पाण्याकडे टक लावू नका. बांधाचे दगड, गणेश घाटाच्या पायऱ्या, जलपर्णीच्या कडा, तिथे बघा.

(क्लोज-अप: दगडावर तुतवार)

हा तुतवार. वरून तपकिरी, खालून पांढरा. छातीच्या बाजूने पांढऱ्या रंगाची एक पाचर खांद्यापुढे वर चढलेली दिसतेय? ती दिसली की खात्रीच. शेपटीकडचा भाग सारखा वर-खाली, वर-खाली. उडाला की अगदी पाण्यालगत जातो, ताठ पंख थरथरवत.

धोबी नावाचा पक्षी मात्र फसवतो. काळा-पांढरा आणि भुवई ठसठशीत पांढरी असेल, तर तो बारमाही इथलाच. पाठ राखाडी आणि शेपटीच्या बुडाशी पिवळा, तो करडा धोबी. हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून आलेला. पायात कडी घालून अभ्यासकांनी पाहिलंय, हा पुढच्या वर्षी त्याच जागी परत येऊ शकतो. मुंबईत जागा अशी राखून ठेवायची म्हणजे कमाल आहे!

तारेवर भिंगऱ्या बसल्या असतील तर गळा बघा. गळा तांबूस, ती माळभिंगरी, पाहुणी. गळा पांढरा आणि टोपी तांबूस, ती तारवाली, घरचीच.

आता, हे येतात थंडीला घाबरून? तसं नाही. पिसं अंगावर असताना थंडी बरीच सोसते, पण किडे मिळेनासे झाले की उपासमार. निघायची वेळ कळते ती मुख्यतः दिवस लहान होत जातो त्यावरून, म्हणून खाणं संपायच्या आतच बरेचजण निघतात.

बदकांचा व्हिडिओ नोव्हेंबरात करू. तुम्ही सकाळी लवकर जा, ऊन तापायच्या आत. आणि हो, या तलावात मगरी आहेत, खरोखरच्या. फोटोच्या नादात पाण्यात पाय सोडून बसू नका.