नाव घातलेलं रिव्हॉल्व्हर

[दृश्य: जळगाव, भांड्यांचं दुकान. नाव घालायच्या मशीनची किरकिर.]

"काय नाव टाकनं शे, भो?"

लग्नसराईत हा प्रश्न इथे दिवसभर कानावर पडतो. आंदणाचा हंडा असो की आहेराचं पातेलं, नाव घातल्याशिवाय भांडं दुकानातून हलत नाही. मशीनची सुई स्टीलवर टिंबटिंब नाचते. घेणाऱ्याचं नाव बारीक येतं, देणाऱ्याचं ठसठशीत. आणि एकदा नाव पडलं, की ते पातेलं चुलीवर क्वचितच चढतं. त्याची जागा फळीवर.

आज बघायची आहे ती अशीच एक आहेराची वस्तू. फरक इतकाच, की हिच्यात सहा गोळ्या बसतात.

[दृश्य: रिव्हॉल्व्हरच्या जोडीचं छायाचित्र.]

रेमिंग्टन कंपनीचं 'न्यू मॉडेल आर्मी', ४४ कॅलिबर. एक नव्हे, जोडी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत ही जनरल युलिसिस ग्रँट यांना भेट मिळाली. तेव्हा ते उत्तरेकडच्या राज्यांच्या फौजेत सेनापती होते. पुढे १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष झाले.

काळ ठासणीचा. रिव्हॉल्व्हरच्या चक्रातल्या प्रत्येक घरात आधी बंदुकीची दारू, मग शिशाची गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची, असं सहा वेळा. पण या जोडीकडे बघून दारूची आठवण होत नाही. पोलादाच्या अंगावर दाट वेलबुट्टी आहे. ती एल. डी. निम्श्के या, जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेल्या कारागिराच्या हातची. मूठ हस्तिदंताची, आणि तिच्यावर ग्रँट यांचा चेहराच उठावात कोरलेला. आपल्याकडे नावावर भागतं. तिथे थेट तोंड!

हे काम किती अवघड, ते सराफ बाजारातल्या कुणाही जुन्या कारागिराला विचारा. सोनं मऊ, कोरणीला वाट देतं. पोलाद अडतं, कोरणी उसळवतं. रेघ एकदा भलतीकडे गेली की पुसता येत नाही, आणि सोन्यासारखं वितळवून पहिल्यापासून सुरुवातही करता येत नाही.

ज्यांच्यासाठी एवढा थाट, ते ग्रँट मात्र चामडं कमावणाऱ्याचे पोर. युद्धाच्या तोंडावर वडिलांच्या चामड्याच्या दुकानात बसत होते. ९ एप्रिल १८६५ला ॲपोमॅटॉक्स इथे दक्षिणेच्या फौजेचे जनरल ली शरण आले, ते कडक गणवेशात, कमरेला देखणी तलवार लावून. जिंकलेले ग्रँट आले ते साध्या शिपायाच्या कोटात, चिखलाने माखलेले, कमरेला तलवारही नाही.

[दृश्य: कापसाने भरलेली वाहनं, जिनिंगचा आवार.]

आता यात खानदेश कुठे आला?

ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातले पाचात जवळजवळ चार हिस्से अमेरिकेच्या दक्षिणेतून जात. १८६१ मध्ये युद्ध पेटलं. लिंकन यांच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, आणि मँचेस्टरची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. त्याच सुमाराला मुंबईची रेल्वे भुसावळपर्यंत येऊन ठेपली होती. कपाशीचे भाव चढत गेले. १८६२ ते १८६५ या काळात जळगाव ही खानदेशातली कापसाची सगळ्यात मोठी पेठ झाली. त्याआधी या गावाला असा मान नव्हता.

मग ग्रँट जिंकले. युद्ध संपलं, भाव कोसळले. मुंबईत शेअरचा फुगा फुटला, जळगावच्या पेठेलाही जबर फटका बसला. इथल्या एकाही शेतकऱ्याने ग्रँट हे नाव ऐकलं नसणार. पण त्यांनी तिकडे तह केला, आणि इकडे घरात भरून ठेवलेल्या कपाशीचं मोल उतरलं. मुठीवरचा तो हस्तिदंती चेहरा पाहताना आम्हाला वेलबुट्टीच्या आधी हेच आठवलं.

ग्रँट यांच्या नशिबीही मंदी होतीच. १८८४ मध्ये ज्या पेढीत पैसा होता ती बुडाली. विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडून घेतलेल्या दीड लाख डॉलरच्या कर्जापोटी त्यांनी सन्मानाच्या तलवारी, पदकं, भेटवस्तू देऊन टाकल्या. त्या पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात गेल्या. रिव्हॉल्व्हरची जोडी मात्र मे २०२२ मध्ये लिलावात निघाली आणि ५१ लाख ७० हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने सुमारे ४० कोटी रुपये. नाव घातलेलं भांडं मोडीत घटीला जातं, असं आपल्याकडचा दुकानदार सांगेल. तिथे नावालाच भाव आला.

[दृश्य: जळगाव स्टेशन, पहाट.]

राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर ग्रँट जगप्रवासाला निघाले, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले. मुंबईहून जबलपूरला जाणारा लोहमार्ग तेव्हा नऊ वर्षांचा होता. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ, असाच जाणारा. फेब्रुवारी म्हणजे कापसाच्या हंगामाचे दिवस. मालधक्क्यावर गाठी पडलेल्या असणार, मुंबईकडे जायच्या तयारीत.