शिदोरी संपलेल्या पेशी

(गिरगावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज रक्तापेक्षा ट्रंकेबद्दल जास्त बोलणार आहे. आजीची पत्र्याची ट्रंक. त्यात नातवासाठी जपून ठेवलेली मऊ सुती दुपटी आणि कसर लागू नये म्हणून टाकलेल्या डांबराच्या गोळ्या. बाळ येतं, दुपटं निघतं, न धुताच बाळाला गुंडाळलं जातं. दोन दिवसांनी बाळ पिवळंधमक दिसायला लागतं आणि सगळे म्हणतात, "होते हो कावीळ, उन्हात धरा."

बहुतेक वेळा ती साधीच असते. पण काही बाळांच्या लाल पेशीच फुटत असतात.

लाल पेशी हाडातल्या मगजात तयार होते. बाहेर पडण्याआधी ती आपलं केंद्रक टाकून देते. म्हणजे पुढच्या जवळजवळ 120 दिवसांच्या वारीत तिला नवं काही रांधता येत नाही. आईनं बांधून दिलेली शिदोरीच पुरवायची. त्या शिदोरीतलं एक एन्झाइम म्हणजे जीसिक्सपीडी. ऑक्सिजन वाहताना, किंवा एखाद्या औषधामुळे, पेशीवर जो मारा होतो तो झेलण्याची ताकद त्यातून येते. काहींच्या शिदोरीत हे जन्मतःच कमी असतं. एरवी काही कळत नाही. नॅफ्थलीन, म्हणजे तीच डांबराची गोळी, किंवा ठरावीक औषधं अंगात गेली की पेशी फुटतात. कोळशाच्या पाण्यासारखी लघवी, धाप, पांढरा पडलेला चेहरा.

गोलपेशी, सिकलसेल, थॅलेसेमिया हे लाल पेशींचे आनुवंशिक आजार याच कुळातली भावंडं. त्यांच्यावर वेगळं बोलावं लागेल.

मुंबईला याचं वावडं नाही. साठच्या दशकातच इथल्या पारशी समाजात हा दोष बराच आढळल्याचं संशोधकांनी नोंदवलं. आणि आपला पावसाळा! व्हायवॅक्स मलेरिया झाला की पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन देतात, बहुधा चौदा दिवस. हा दोष उलगडला तो याच गोळीमुळे, 1956 साली, अमेरिकेत. म्हणून गोळी सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी, आणि मध्येच लघवी काळी झाली तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे धावावं.

तपासणीतही एक गंमत आहे, आणि ती मलाही सुरुवातीला चकवून गेली. पेशी फुटत असतानाच तपासलं तर अहवाल चक्क नॉर्मल येऊ शकतो. कारण म्हाताऱ्या, शिदोरी संपलेल्या पेशी आधीच गेलेल्या असतात; उरतात त्या ताज्या. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

एक विनंती सासूबाईंना. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे मुलग्याला तो आईकडूनच मिळतो. पण ते एक्स आईला तिच्या वडिलांकडूनही आलेलं असू शकतं. तेव्हा "तुझाच हा दोष" असं सुनेला ऐकवू नका.

एका जातीच्या शेंगांच्या दाण्यांनीही या पेशी फुटतात, हे ऐकून मागच्या वेळी एका आजींनी विचारलं, "मग वालाचं बिरडं बंद?" नाही हो. ज्यानं पेशी फुटतात तो बाकला, म्हणजे फावा बीन. आपला कडवा वाल वेगळ्याच झाडाचा. बिरडं करा, फक्त दुपटी आधी धुवा आणि कडक उन्हात वाळवा.